बनाव आणि भांडवल: दोन संशय, दोन पुरावे

हल्ला झाला की ‘सरकारनंच घडवला’ आणि ‘सरकारनं फायदा उठवला’ ही दोन वाक्यं एका दमात बोलली जातात. पहिला आरोप बनावाचा, दुसरा भांडवलाचा. दोन्हींना लागणारा पुरावा वेगळा.

बनाव कसा असतो ते ग्लायवित्झला दिसतं. ३१ ऑगस्ट १९३९ च्या रात्री पोलिश असल्याचं सोंग घेतलेल्या एसएस या नाझी दलाच्या माणसांनी सीमेजवळचं जर्मन रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं, पोलिश भाषेत निवेदन केलं आणि ‘पुरावा’ म्हणून एक मृतदेह मागे ठेवला. दुसऱ्या दिवशी पोलंडवर स्वारी. हे उघड झालं तुकडीच्या म्होरक्यानं न्यूरेंबर्ग खटल्यासाठी दिलेल्या प्रतिज्ञापत्रातून. बनावाच्या आरोपाला असा आतला माणूस किंवा हुकूमाचा कागद लागतो. ‘फायदा कुणाला झाला?’ एवढ्यावर तो टिकत नाही.

भांडवल तारखांतून दिसतं. जर्मन संसदेची इमारत राइशस्टाग २७ फेब्रुवारी १९३३ ला पेटली, दुसऱ्याच दिवशी हुकूम काढून भाषण, सभा आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य स्थगित झालं, ५ मार्चला मतदान होतं. आग कुणी लावली यावर अजून वाद आहे, हुकूमाबद्दल नाही. लोक नेमके इथे चुकतात. बनावाच्या मागे लागून हातातला पुरावा सोडतात आणि बनाव शाबीत झाला नाही की सरकार दोन्हींतून सुटतं.

स्पेनची राजधानी माद्रिदचा हिशेब तर तासांचा आहे. ११ मार्च २००४ च्या सकाळी चार लोकल गाड्यांत १० स्फोट. निवडणूक तीन दिवसांवर. सरकारनं बास्क प्रदेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना ईटाचं नाव घेतलं. सुरुवातीला ते स्वाभाविक होतं, विरोधकांनाही तसंच वाटलं. पण त्याच दिवशी माद्रिदजवळच्या अल्काला दे हेनारेसला डिटोनेटर आणि कुराणपठणाची टेप असलेली व्हॅन सापडली. तरीही राजदूतांना ईटाचंच नाव सांगायच्या सूचना गेल्या. इराक युद्धाला पाठिंबा दिलेल्या सरकारला जिहादी हल्ला मतदानात महागात पडला असता. म्हणून दोन रकाने आखावेत: कोणत्या वेळी काय कळलं, कोणत्या वेळी काय सांगितलं. पहिला अंदाज चुकणं हे भांडवल नव्हे. नवी माहिती आल्यावरही जुनंच रेटणं, तिथून संशयाला आधार मिळतो.

१४ मार्चला सत्ताधारी हरले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ११ मार्चच्याच ठराव १५३० मध्ये मात्र ईटाचं नाव आजही छापलेलं आहे.