इन्व्हर्जन टेबल आणि कंबरदुखी

इन्व्हर्जन टेबल : माणसाचे घोटे पक्के धरून त्याला डोके खाली, पाय वर अशा तिरप्या किंवा पूर्ण उलट्या स्थितीत नेणारे, बहुतांशी घरगुती वापराचे साधन. कंबरदुखी, मणक्यातील गादी सरकणे आणि सायटिका (कमरेतून पायात जाणारी कळ) यांवरचा उपाय म्हणून ते विकले जाते. शरीराच्याच वजनाने कण्याला ताण द्यायचा, म्हणजे मणक्यांमधला दाब उतरेल आणि दबलेल्या नसेला जागा मिळेल, असे त्यामागचे गृहीतक आहे. रुग्णालयात कमरेला पट्टा बांधून पायथ्याशी वजने लटकवतात, त्या ट्रॅक्शनचाच हा एक प्रकार. इथे मात्र वजनही रुग्णाचेच असते आणि ते किती, कितीदा लावायचे हे ठरवणाराही बहुधा तोच असतो.

रचना व वापर

पोलादी नळ्यांची घडीची चौकट, तिच्या माथ्याशी दोन्ही बाजूंना बसवलेला आस आणि त्या आसावर पुढेमागे झुलणारी, पाठ टेकायची फळी एवढाच या यंत्राचा पसारा. फळी गादीची किंवा जाळीदार कापडाची असते. तिच्या खालच्या टोकाला उंचीच्या खुणा कोरलेला सरकता दांडा, पाऊल ठेवायची पट्टी आणि घोट्यांना पुढून-मागून कवटाळणारे फोमचे रूळ असतात. मोटर नसते. सगळा खेळ सी-सॉसारखा तोलाचा आहे. हात अंगालगत असले की माणूस उभा राहतो, हळूहळू डोक्यावर नेले की फळी मागे कलते, पुन्हा खाली आणले की वर येते.

हा तोल त्या दांड्यावर अवलंबून असतो आणि बहुतेक फजिती तिथेच होते. दांडा फार लांब ठेवला तर पायाकडची बाजू जड होऊन फळी हलतच नाही. फार आखूड ठेवला तर डोक्याकडची बाजू जड होते आणि माणूस गर्रकन उलटा होतो. आईच्या उंचीला बसवलेल्या दांड्यावर सहा फुटी मुलगा तसाच चढला, तर नेमके हेच घडते. म्हणून घरात दोघे-तिघे वापरत असतील तर प्रत्येकाने आपला आकडा लक्षात ठेवावा आणि चढण्यापूर्वी खूण पाहावी. फळी ठरावीक कोनापलीकडे जाऊ नये म्हणून खालून एक पट्टा बांधलेला असतो. तो सुरुवातीचे काही आठवडे तरी सोडू नये.

नवशिक्याने १५ ते २० अंशांपासून आणि एक-दोन मिनिटांपासून सुरुवात करावी, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. सरावाने लोक ६० अंशांपर्यंत जातात. वर येताना आडव्या स्थितीत मिनिट-दोन मिनिटे थांबावे लागते. ही पायरी गाळणाऱ्याला उभे राहताच भोवळ येते आणि कधी कधी मोकळी झालेली वाटणारी कंबर त्याच क्षणी धरते, कारण ताणलेल्या कण्यावर सगळे वजन एकदम परत येते.

इतिहास

उलटे टांगून पाठ सरळ करण्याची कल्पना फार जुनी आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रीक वैद्यकीय लेखनात, सांध्यांवरील ग्रंथात, शिडीचा एक उपचार वर्णिला आहे. कुबड आलेल्या रुग्णाला शिडीला बांधायचे, शिडी बुरुजावर किंवा घराच्या उंच भागावर चढवायची आणि सरळ खाली सोडून हिसका द्यायचा. कुबड कुठे आहे त्यानुसार रुग्णाचे डोके वर ठेवायचे की पाय, हे ठरे. गंमत अशी, की उलट्या उपचाराच्या जाहिराती हिप्पोक्रेटिसचे नाव अभिमानाने घेतात, पण मूळ ग्रंथाचा सूर अगदी वेगळा आहे. हा प्रकार गर्दीला थक्क करण्यासाठी भोंदू वैद्य करतात आणि पुढे रुग्णाचे काय झाले याची त्यांना फिकीर नसते, असे लेखक तिथे बजावतो. त्याचा स्वतःचा भर रुग्णाला बाकावर आडवा करून दोन्हीकडून ओढण्यावर होता. आजच्या रुग्णालयातील ट्रॅक्शन त्या बाकाच्या जास्त जवळचे आहे.

आधुनिक लाट अमेरिकेतली. कॅलिफोर्नियातील डॉक्टर रॉबर्ट मार्टिन यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत उलट्या स्थितीतील व्यायामाची पद्धत लोकप्रिय केली. त्यात घोट्यांना आकड्याचे बूट अडकवून आडव्या दांडीला वटवाघळागत लटकायचे असे. १९८० च्या ‘अमेरिकन जिगोलो’ चित्रपटात रिचर्ड गेअर असे बूट घालून व्यायाम करताना दिसला आणि ते बूट घरोघरी गेले. पण दांडीवर लटकायला आणि मुख्य म्हणजे उतरायला पोटात ताकद लागते, जी कंबर धरलेल्या माणसाकडे नसते. शिवाय त्याच दशकात डोळ्यांवरील आणि रक्तदाबावरील परिणामांचे अभ्यास प्रसिद्ध होऊन डॉक्टरांनी इशारे दिले. कोन हवा तेवढाच ठेवू देणारे टेबल त्यामुळे टिकून राहिले, बूट मागे पडले.

कण्यावर नेमके काय होते

पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मधोमध चकत्या असतात. त्यांनाच आपण गाद्या म्हणतो. आत पाणीदार गर, भोवती चिवट तंतूंची कडी. दिवसभर उभे राहून आणि बसून गादीतले पाणी थोडे दाबले जाते, म्हणून संध्याकाळी माणसाची उंची सकाळपेक्षा सुमारे एक टक्क्याने कमी भरते. रात्री झोपेत ती भरून निघते. ‘मणक्यातली गॅप कमी झाली’ हे वाक्य एक्स-रे पाहून बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या तोंडी असते. चाळिशीनंतर अशी गॅप कसलाही त्रास नसलेल्यांच्या फोटोतही सर्रास दिसते, हे मात्र त्यांना क्वचितच सांगितले जाते.

गादीतला दाब प्रत्यक्ष मोजला गेला आहे. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या गादीत सुई घालून मापे घेतली. १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म येथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीत संवेदक बसवून रोजच्या हालचालींची मापे प्रसिद्ध केली. उभे असताना दाब सुमारे ०.५ मेगापास्कल, पुढे वाकल्यावर १.१, कंबर वाकवून २० किलोचे ओझे उचलताना २.३ आणि नुसते पाठीवर आडवे पडल्यावर ०.१. म्हणजे उभ्या माणसाच्या गादीवरचा पाचांपैकी चार हिस्से दाब सतरंजीवर पडल्यापडल्याच उतरतो. उलटे होऊन उतरवायला उरतो तो राहिलेला एक हिस्सा. टेबलाच्या गुणवर्णनात ही तुलना नेहमी उलट्या आणि उभ्या माणसाची केलेली असते, उलट्या आणि झोपलेल्या माणसाची नव्हे.

कोनाचेही गणित आहे. कमरेच्या वरचे धड, हात आणि डोके मिळून शरीराचे सुमारे निम्मे वजन होते. ७० किलोच्या माणसात ते ३५ किलो धरू. पूर्ण उलटे झाल्यास कमरेवर तेवढी ओढ पडेल, ६० अंशांवर ३० किलो, ३० अंशांवर साडेसतरा आणि २० अंशांवर जेमतेम १२. यातून पाठ आणि फळी यांमधले घर्षण वजा करायचे. कमी कोनात घर्षण एवढे भरते, की अंग फळीवर सरकतच नाही आणि ओढ जवळपास शून्य होते. रुग्णालयातले ट्रॅक्शनचे टेबल मधोमध विभागलेले आणि अर्धा भाग सरकणारा असते ते याच कारणाने. तेव्हा २० अंशांवर पहिल्याच दिवशी ज्याला बरे वाटते, त्याच्या बऱ्या वाटण्यात पडून राहण्याचा, स्नायू सैल सोडण्याचा आणि काहीतरी उपाय केल्याच्या समाधानाचा वाटा मोठा असतो. ते बरे वाटणे खोटे नाही, फक्त त्याचे श्रेय मणके दूर होण्याला देता येत नाही. दुसऱ्या टोकाला, ६० अंशांवर पूर्ण उलट्या स्थितीतली ८७ टक्के ओढ मिळून जाते. त्यापुढे जाऊन डोळ्यांना आणि डोक्याला त्रास देण्यात मतलब नाही.

भार हटला की दुखणे हटते, हेही सरसकट खरे नाही. अवकाशात कण्यावर भारच नसतो. अंतराळवीरांची उंची तिथे तीन टक्क्यांपर्यंत वाढते आणि निम्म्याहून अधिक जणांची पाठ दुखते. पृथ्वीवर परतल्यावर त्यांच्यात गादी सरकण्याचे प्रमाणही सामान्यांपेक्षा जास्त आढळले आहे.

पुरावा

या टेबलाच्या बाजूने सर्वाधिक सांगितला जाणारा अभ्यास इंग्लंडमधील न्यूकॅसलचा. एकाच गादीचा विकार असलेल्या आणि शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णांपैकी काहींना फिजिओथेरपीसोबत उलट्या स्थितीतील ट्रॅक्शन दिले, काहींना नुसती फिजिओथेरपी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या गटातील १३ पैकी १० जणांची शस्त्रक्रिया टळली, तर दुसऱ्या गटात ती टळण्याचे प्रमाण २२ टक्के होते. आकडा डोळ्यांत भरणारा आहे, पण रुग्ण मिळून दोन डझनच होते आणि अभ्यासकांनीही त्याला प्राथमिक चाचणीच म्हटले. कोणाला टांगले हे रुग्णापासून लपवता येत नाही आणि शस्त्रक्रिया करायची की थांबायचे हा निर्णय माणसांच्या मनावरही ठरतो. जाहिरातीत ‘शस्त्रक्रिया टळते’ एवढेच येते, १३ हा आकडा येत नाही.

एकूण ट्रॅक्शनचा हिशेब निराशाजनक आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात ३२ चाचण्या आणि २,७०० हून अधिक रुग्ण होते. ट्रॅक्शनने वेदना, हालचाल किंवा कामावर परतणे यांत फारसा फरक पडत नाही, असे त्यातून निघाले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखी व सायटिकासाठी ट्रॅक्शन देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडच्या फिजिओथेरपी केंद्रांत शेक आणि ट्रॅक्शनची जोडी तरीही सुखेनैव चालू आहे.

मग एवढे लोक गुण आल्याचे का सांगतात? कारण उसण भरणे, कमरेत लचक येणे हे बहुतेकांचे काही आठवड्यांत आपोआपच शमते. सरकलेल्या गादीचा बाहेर आलेला भागही अनेकदा शरीर स्वतःच शोषून घेते आणि पायात जाणारी कळ दीड ते तीन महिन्यांत बरीच उतरते. टेबल विकत आणले जाते ते दुखणे अगदी कळसाला असताना. त्यानंतर उतार पडणारच होता. दीर्घकाळच्या कंबरदुखीत चालणे, पाठीचे आणि पोटाचे व्यायाम यांचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. टेबलावरच्या पाच-दहा मिनिटांच्या आरामामुळे कोणी हे व्यायाम करू शकत असेल, तर तेवढ्यापुरता त्याचा उपयोग मानायला हरकत नाही.

धोके

उलट्या स्थितीत डोळ्यांतला दाब साधारण दुप्पट होतो. १९८० च्या दशकात अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी टांगून घेणाऱ्यांत तो मोजला होता. २००६ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी शीर्षासन करणाऱ्यांत हीच दुप्पट वाढ नोंदवली. निरोगी डोळा ती सोसतो, पण काचबिंदू किंवा दृष्टिपटलाचा विकार असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. काचबिंदू बऱ्याच जणांना असूनही ठाऊक नसतो, म्हणून चाळिशीनंतर टेबल घेण्याआधी डोळ्यांचा दाब तपासून घेणे शहाणपणाचे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण, ठिसूळ झालेली हाडे, कण्यातील पट्ट्या-स्क्रू आणि छातीत आम्ल वर येण्याचा जुना त्रास असणाऱ्यांनाही हे वर्ज्य आहे.

यांत्रिक अपघात वेगळे. घोट्याचा खटका पूर्ण न बसता उलटे होणे हा त्यांतला सर्वांत वाईट, कारण मान आणि डोके सरळ जमिनीकडे असते. खटका बसल्याचा आवाज ऐकावा, हाताने ओढून पाहावे आणि पायात बूट ठेवावेत. घरात कोणी नसताना वापरू नये. पोटात ताकद नसलेला माणूस पूर्ण उलटा झाल्यावर वर येऊ शकत नाही आणि तसे दीर्घकाळ अडकणे जिवावर बेतू शकते. गुडघे आणि घोटे आधीच दुखत असतील तर सगळे वजन त्यांच्यावरून ओढले जाते हेही लक्षात घ्यावे.

पुण्यातील दोर

घोट्यांऐवजी मांड्यांच्या मुळाशी आधार देऊन उलटे होण्याची रीत पुण्यात रुळलेली आहे. बी. के. एस. अय्यंगार यांच्या, १९७५ मध्ये सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत भिंतीतल्या कड्यांना दोर अडकवलेले असतात. दोराच्या फासात जांघेशी घोंगडीची घडी घालून साधक तळवे भिंतीला टेकवतो आणि धड खाली सोडतो. गुडघे-घोटे मोकळे राहतात, ओढ थेट ओटीपोटाच्या हाडापासून सुरू होते आणि शेजारी शिक्षक उभा असतो. टेबलापेक्षा ही रचना मला अधिक विचारपूर्वक वाटते. पण डोळे आणि रक्तदाब यांबाबतचे सगळे इशारे इथेही तसेच लागू आहेत.

तातडीची लक्षणे

कंबरदुखीबरोबर लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बसताना जमिनीला टेकणारा भाग बधिर होणे किंवा पाऊल लुळे पडून चालताना फरफटणे, यांपैकी काहीही दिसले तर टेबल, दोर, शेक सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कण्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दबल्याची ही खूण असू शकते. एमआरआय करून तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते आणि उशीर झाल्यास लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. ताप, विनाकारण घटणारे वजन किंवा पूर्वी झालेला कर्करोग यांच्यासोबत सुरू झालेली कंबरदुखीही घरगुती उपायांची नसते.