फोटोत कुत्र्याचे डोळे हिरवे का येतात? फ्रेमसाठी फोटो देण्याआधी वाचा

दिवाळीनंतर आमच्या फोटो स्टुडिओत फ्रेमसाठी येणारे कुत्र्यांचे बरेचसे फोटो रात्री, फ्लॅश मारून काढलेले असतात. पणत्या सुंदर, कुत्रा सुंदर, आणि डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे! मग प्रश्न ठरलेला : मोबाईल बिघडलाय की कुत्र्याच्या डोळ्यात काही झालंय?

बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतं. कुत्र्याच्या दृष्टिपटलामागे ‘टॅपेटम’ नावाचा चकचकीत थर असतो. दृष्टिपटलातून निसटलेला प्रकाश तो परत पुढे फेकतो, म्हणून अंधुक उजेडातही कुत्र्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं. अंधारात बाहुली मोठी झालेली असते आणि मोबाईलचा फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो. त्यामुळे परत फिरलेला प्रकाश थेट लेन्समध्ये येतो. माणसाला हा थर नाही. आपले डोळे फोटोत लाल येतात ते आतल्या रक्तवाहिन्यांमुळे. लहान पिल्लांचे डोळे निळसर चमकतात, पुढे रंग बदलतो. निळ्या डोळ्यांच्या हस्कीचे लालही येतात. मात्र दिवसाउजेडी बाहुली पांढरी दिसत असेल, तर आधी पशुवैद्यांकडे जा, फ्रेम नंतर.

आता मुख्य विनंती. फोटो आमच्याकडे येण्याआधी त्यावर ‘रेड-आय’, म्हणजे फोटोतले लाल डोळे दुरुस्त करणारी सोय, चालवू नका. ती सोय लाल रंग शोधते. हिरवा तिला सापडत नाही, किंवा बाहुलीवर राखाडी डाग सोडून ती मोकळी होते. तोच फोटो सेव्ह होतो, व्हॉट्सॲपवर आणखी लहान होऊन आमच्याकडे येतो, आम्ही मूळ फोटो मागतो, तोवर तो डिलीट झालेला असतो. ऑर्डर उशिरा मिळण्याचं हेच सर्वांत मोठं कारण आहे. मूळ फोटो जसाच्या तसा, व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. सोबत त्याच कुत्र्याचा दिवसा काढलेला एक साधा फोटो द्या, डोळे स्पष्ट दिसतील असा.

दुसरा फोटो कशाला, असं विचारलं जातं. चमकेखाली डोळ्याचा खरा तपशील उरलेलाच नसतो. नुसता काळा ठिपका भरला तर काम पाच मिनिटांत होईल, पण चेहरा निर्जीव दिसेल. तुमच्या मोतीच्या डोळ्यांची तपकिरी छटा आणि त्यातला उजेडाचा बारीक ठिपका आम्ही दुसऱ्या फोटोवरून हाताने बसवतो. डोळ्यांच्या कामाचे वेगळे पैसे त्यासाठीच आहेत.

कुत्रा गेल्यावर हाती रात्रीचा एकच फोटो उरलेली माणसंही आमच्याकडे येतात. त्यांचं काम आम्ही जमेल तितकं करतो, पण मूळ डोळे परत आणता येत नाहीत. म्हणून घरात कुत्रा आहे तोवर सकाळी खिडकीपाशी किंवा व्हरांड्यात, फ्लॅश बंद करून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून चार फोटो काढून ठेवा. रात्रीच काढायचा असेल तर खोलीतले सगळे दिवे लावा आणि तो लेन्सकडे थेट पाहत नसताना काढा.

जमत नसेल तर कुत्र्याला घेऊन स्टुडिओत या. आमचे दिवे बाजूला आणि उंचावर असतात, त्यामुळे डोळे चमकत नाहीत. मोठ्या फ्रेमची ऑर्डर असेल तर फोटो काढण्याचे पैसे घेत नाही. फक्त आधी फोन करा. दोन कुत्र्यांना एकच वेळ आम्ही देत नाही. येताना त्याचा आवडता खाऊ आणा.