पाठ फिरवलेल्या संगणकाला काय वाटतं?

टेबलावर दोन संगणक आणि मॉनिटर-कीबोर्ड मात्र एकच, अशी मांडणी असली की केव्हीएम स्विच घ्यायचा विचार मनात येतो. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस यांची आद्याक्षरं म्हणजे केव्हीएम. बटण दाबलं की तिन्ही गोष्टी दुसऱ्या संगणकाच्या हवाली. काम साधं वाटतं, पण स्विच चांगला की वाईट हे ठरतं ते ज्या संगणकाकडे आपण पाठ फिरवली त्याच्यावरून.

केबल जोडली की मॉनिटर एका तारेवरून 'मी आलोय' अशी खूण देतो. एचडीएमआय या मॉनिटर-जोडणीत ही १९ क्रमांकाची पिन. मग संगणक मॉनिटरची ओळखपत्रिका वाचतो. तिचं नाव ईडीआयडी. मूळ पत्रिका अवघ्या १२८ बाइटची, पण बनवणारी कंपनी, रिझोल्यूशन (पडद्यावर ठिपके किती), रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्रं किती) असं सगळं तिच्यात असतं. साधा स्विच बटण दाबताच ही खूण तोडून टाकतो, आणि मागे राहिलेला संगणक समजतो की मॉनिटर कुणीतरी काढून नेला.

माझ्या पहिल्या स्विचवर हे रोज घडायचं. डावीकडे लेख, उजवीकडे तक्ता, खाली टिपणं अशा खिडक्या लावून मी दुसऱ्या संगणकाकडे जायचो. पाच मिनिटांनी परत आलो की लॅपटॉपने सगळ्या खिडक्या आपल्या छोट्या पडद्यावर गोळा करून एकीवर एक रचलेल्या असायच्या. लावा पुन्हा!

यावरचा उपाय म्हणजे ईडीआयडी एम्युलेशन. असा स्विच पत्रिकेची नक्कल स्वतःकडे ठेवतो आणि मॉनिटर दुसरीकडे असतानाही 'आहे, आहे' असं पहिल्या संगणकाला सांगत राहतो. घेण्यापूर्वी एवढं नक्की विचारावं: नक्कल तुमच्याच मॉनिटरची होते, की स्विचमध्ये एक ठरावीक पत्रिका आधीच भरलेली असते? दुसऱ्या प्रकारात रुंद पडद्याच्या मॉनिटरवर चित्र चुकीच्या मापाचं येऊ शकतं.

कीबोर्डचं थोडं उलट आहे. यूएसबीआधीच्या पीएस/२ या जुन्या जोडणीच्या काळात कीबोर्ड सापडला नाही तर कितीतरी संगणक सुरू होतानाच अडून बसायचे, म्हणून स्विच स्वतःच कीबोर्ड असल्याचं सोंग घ्यायचे. हे सोंग यूएसबीतही चालतं, आणि बदल झटकन होतो. पण स्विच सोंग घेतो ते साध्या कीबोर्डाचं. त्यामुळे आवाजाची बटणं किंवा माउसची जादा बटणं कधीकधी मुकी होतात. सोंग नसेल तर सगळी बटणं चालतात, पण दर बदलाला संगणक कीबोर्ड नव्याने ओळखतो आणि त्यात सेकंद-दोन सेकंद जातात. लिहिणाऱ्याला पहिला प्रकार बरा, खेळणाऱ्याला दुसरा.

खोक्यावर '४के' लिहिलंय म्हणून मात्र खूश होऊ नका. ३८४० × २१६० ठिपके, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं: गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १२ अब्ज बिट होतात. एचडीएमआय १.४ ला एवढं झेपत नाही. तिथे ४के म्हणजे ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, आणि माउसचा बाण अडखळत सरकताना डोळ्यांना दिसतो. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या जोडणीची १.२ आवृत्ती तरी हवी, आणि केबलही त्याच ताकदीच्या.

मॉनिटरला दोन इनपुट असतील, तर माझं मत असं की आधी केव्हीएम घेऊच नये. दोन्ही संगणक थेट मॉनिटरला जोडावेत आणि कीबोर्ड-माउससाठी नुसता यूएसबी स्विच घ्यावा. ईडीआयडी ज्या तारांवरून वाचली जाते, त्याच तारांवरून संगणक मॉनिटरला 'इनपुट बदल' अशी आज्ञाही देऊ शकतो. या सोयीचं नाव डीडीसी/सीआय. बऱ्याच मॉनिटरमध्ये ती असते आणि छोट्या सॉफ्टवेअरने वापरता येते. काही मॉनिटर बंद इनपुटवरची खूणही काढून घेतात, तेव्हा पैसे खर्चण्याआधी एक करा: लॅपटॉपवर चार खिडक्या पसरा, मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदला, मिनिटभर थांबा, परत या आणि खिडक्या कुठे आहेत ते बघा.