मळीच्या जमिनीवरची निलगिरी

निलगिरी म्हटलं की आपल्याला सर्दीत रुमालावर टाकायचे तेलाचे दोन थेंब आठवतात आणि 'हे झाड जमिनीतलं पाणी ओढतं' ही जुनी तक्रार आठवते. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या लाटेत ही झाडं बांधाबांधावर आली. नाशिक जिल्ह्यात विनायकदादा पाटलांनी तर निलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्थाच उभी केली. असं झाड कुठे दुर्मिळ असेल, हे सहसा मनात येत नाही.

आपण 'निलगिरी' म्हणतो ते मुळात एक झाड नाहीच. युकॅलिप्टसच्या सातशेहून अधिक जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या ऑस्ट्रेलियातल्या. ब्रिटिशांनी १८४३च्या सुमारास नीलगिरी पर्वतात लागवड सुरू केली आणि डोंगराचं नाव झाडाला चिकटलं. या सातशेंपैकी एक जात म्हणजे कॅम्डन व्हाइट गम, शास्त्रीय नाव युकॅलिप्टस बेंथामी. तिचं घर सिडनीच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूच्या नद्यांकाठी. उंची चाळीस मीटरच्या आसपास. बुंध्याशी खरबरीत साल. वर सालीच्या लांब पट्ट्या सुटून लोंबतात आणि आतून पांढरंशुभ्र खोड दिसतं. कोवळ्या रोपांची पानं बिनदेठाची, समोरासमोर, निळसर राखाडी. मोठ्या झाडाची लांबट, नेहमीच्या निलगिरीसारखी.

या जातीचा सगळा इतिहास तिच्या जमिनीच्या आवडीत आहे. कृष्णाकाठचे लोक जिला मळीची जमीन म्हणतात, तशी पुराने आणून टाकलेली खोल, वाळूमिश्रित गाळाची जमीन तिला लागते. नुसता गाळ पुरत नाही, मधून मधून पूरही यावा लागतो. पूर ओसरल्यावर काठावर ओला, उघडा गाळ उरतो. ना गवत, ना सावली. तिथे पडलेलं बी सगळ्यात चांगलं रुजतं. म्हणजे मोठी झाडं शाबूत ठेवली आणि नदी बांधून टाकली, तर पुढची पिढी येणं अवघड.

आता अशी जमीन माणसाला कधी नको असते का? १७८८ मध्ये पहिल्या इंग्रज वसाहतीची काही गुरं सिडनीहून पळाली. ती १७९५ मध्ये सापडली तेव्हा कळपाचं मोठं खिल्लार झालं होतं, आणि तेही नेपियन नदीकाठच्या हिरव्यागार कुरणांत. त्या भागाला नावच पडलं 'काउपाश्चर्स', म्हणजे गाईंची कुरणं. थोडक्यात, चांगली जमीन इंग्रजांना त्यांच्या चुकार गुरांनी दाखवली! तिथले मूळ रहिवासी धारावल लोक ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होतेच. त्यांना कुणी विचारलं नाही. १८०५ मध्ये जॉन मॅकार्थर या वसाहतकाराला तिथे पाच हजार एकर मिळाले, लोकरीच्या मेरिनो मेंढ्या आल्या, कॅम्डन हे गाव वसलं. पुढच्या शंभर वर्षांत नदीकाठचे सपाट पट्टे कुरणं आणि शेतांसाठी साफ होत गेले. जोसेफ मेडन आणि रिचर्ड केंबेज या वनस्पतिअभ्यासकांनी या जातीला नाव दिलं ते १९१५ साली. नाव मिळालं तेव्हा तिची बरीचशी जमीन आधीच नांगराखाली गेली होती. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज बेंथाम ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींवर सात खंड लिहून गेले, पण ऑस्ट्रेलियात मात्र कधी गेले नाहीत.

दुसरा घाव पाण्याचा. सिडनीची तहान भागवायला १९०७ ते १९३५ या काळात नेपियनच्या वरच्या खोऱ्यात चार धरणं झाली. मग १९४८ मध्ये वॉरागॅम्बा धरणाचं काम सुरू होऊन १९६० मध्ये पूर्ण झालं. धरण सुमारे ७२ टीएमसीचं. कोयनेच्या १०५ टीएमसीशी ताडून पाहिलं की आकाराचा अंदाज येतो. त्यात बुरागोरांग खोरं बुडालं: गुंडुंगुरा या मूळ रहिवाशांची भूमी, शेतकऱ्यांची वस्ती, आणि नदीकाठच्या या पांढऱ्या झाडांचा मोठा भाग. आपल्याकडे निलगिरीवर पाणी पिण्याचा आरोप होतो. तिकडे शहराच्या पाण्याने तिलाच गिळलं.

उरलं काय? जलाशयाच्या वरच्या अंगाला, सिडनीच्या पश्चिमेच्या ब्लू माउंटन्स डोंगरांमधल्या केडुम्बा खोऱ्यात सुमारे साडेसहा हजार झाडं. नेपियनवरच्या बेंट्स बेसिन या डोहाशी तीनेकशे. बाकी कॅम्डनच्या आसपास शेतांच्या कडेला तुरळक. ही तुरळक झाडं दिसायला भव्य आहेत, पण त्यांची पंचाईत वेगळीच. जवळपास सजातीय झाड नसल्याने त्यांच्या बियांत एक तर स्वतःचेच परागकण, नाही तर दुसऱ्या जातींचे. जनुकीय तपासण्यांत हा संकर स्पष्ट दिसला आहे. त्यातच नदीकाठी आफ्रिकी ऑलिव्ह आणि प्रिव्हेटसारख्या बाहेरून आणलेल्या झुडपांनी गर्दी केली आहे. रोपाला हवा असलेला उघडा गाळ त्यांच्याखाली जातो. राष्ट्रीय कायद्याखाली ही जात संकटग्रस्तांच्या यादीत आहे.

आणि तरीही ही जात जगातून नाहीशी होण्याच्या मार्गावर आहे, असं म्हणता येत नाही. कडाक्याची थंडी आणि गोठलेलं दहिवर सोसण्याचा गुण तिच्यात निघाला आणि दक्षिण ब्राझील, उरुग्वे, अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं अशा ठिकाणी लाकूड-लगद्यासाठी तिची लागवड झाली. मला ही गोष्ट दिलासा देणारी वाटत नाही. एका वयाच्या, एका मापाच्या रांगांत लावलेलं आणि काही वर्षांत तोडायचं झाड म्हणजे नदीकाठचं रान नव्हे. त्या लागवडीला नवा गुण हवा असेल तेव्हाही बी शोधायला केडुम्बाकडेच वळावं लागेल.

म्हणून वॉरागॅम्बाची भिंत चौदा मीटरनी वाढवण्याचा बेत निघाला तेव्हा या झाडाचं नाव पुन्हा पुढे आलं. हेतू धरणाखालच्या पश्चिम सिडनीतल्या वस्त्यांना पुरापासून वाचवण्याचा होता, तो खोटा नव्हता. पण भिंत वाढली की पुराचं पाणी वरच्या खोऱ्यात तुंबून राहणार, आणि केडुम्बातली झाडं नेमकी त्या पट्ट्यात. वाहून जाणारा पूर या झाडाला हवा असतो. बुंध्याशी दिवसेंदिवस साचलेलं पाणी नको असतं. २०२३ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने हा बेत सोडून दिला.

त्याच कॅम्डनच्या माळावर फॉरेस्ट रेड गम नावाची तिची एक शेजारीण वाढते. आपल्याकडे 'मैसूर गम' म्हणून रस्त्याकडेला आणि शेताच्या बांधावर लावलेली निलगिरी बहुतांशी तीच.