गाडी 30 मिलिमीटर खाली घेतली की चाकांचं काय होतं

हॅचबॅक गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स 165 मिलिमीटर आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 2450 मिलिमीटर धरू. लोअरिंग स्प्रिंग घालून ती 30 मिलिमीटर खाली घेतली की पोटाखाली उरतात 135. चौघं बसले, डिकीत सामान पडलं की आणखी पंचवीसेक जातात. आता गतिरोधकाचं गणित बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो. गाडीचा मध्य त्याच्या माथ्यावर आला तरी चारही चाकं त्याच्याच उतारावर असतात, त्यामुळे पोटाखालचे जेमतेम 44 मिलिमीटर कमी होतात. अशा गतिरोधकावरून खाली घेतलेली गाडीही निवांत जाते. पण साताऱ्याबाहेर पडून एखाद्या गावच्या रस्त्याला लागलात की डांबर ओतून केलेला दीड फूट रुंदीचा उंचवटा भेटतो. तिथं चाकं दोन्हीकडे सपाट रस्त्यावर आणि उंचवटा सगळाच्या सगळा पोटाखाली. तो 12 सेंटीमीटर उंच असला की सायलेन्सर घासलाच म्हणून समजा. त्यामुळे इकडच्या रस्त्यांवर 25 ते 30 मिलिमीटर पुरे. 50 मिलिमीटरची हौस फोटोपुरतीच बरी.

गाडी खाली आली की चाकाला वर जायला जागा कमी उरते. तेवढ्यात धक्का जिरवायचा तर स्प्रिंग कडक हवी. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो: 12 मिलिमीटरऐवजी 12.7 मिलिमीटरची तार घेतली, बाकी मापं तीच ठेवली, तर स्प्रिंग 25 टक्के कडक होते. एवढ्या वाढीपर्यंत मूळचे शॉकअप चांगले असतील तर सहसा निभावून नेतात. 80 हजार किलोमीटर झालेल्या, तेल पाझरणाऱ्या शॉकअपवर नवी स्प्रिंग चढवणं मात्र पैसे वाया घालवणं आहे.

मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापून किंवा ती गॅसने तापवून बसवून देणारेही भेटतात. तापवलेल्या पोलादाचं पाणी (त्याला दिलेला कठीणपणा) उतरतं आणि स्प्रिंग महिनोन्‌महिने खचत राहते. कापलेली स्प्रिंग तर यवतेश्वर घाटाच्या वळणावर आतलं चाक हलकं झालं की आपल्या बैठकीतून सुटू शकते. या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. तयार किट घ्यायचं तरी आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून ठेवा. आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही.

कामाला लागण्यापूर्वी गाडी सपाट फरशीवर लावा आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवा. मागची बाजू सोपी असते. बहुतेक हॅचबॅकना मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा भाग) असतो. गाडी जॅक स्टँडवर घेऊन दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढले की बीम खाली येतो आणि स्प्रिंग हाताने निघते. ब्रेकचा होज आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, एवढं बघायचं.

पुढे वेळ जातो. होजची क्लिप आणि एबीएसची वायर मोकळी करा, लिंक रॉड सोडवा, नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) दोन बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर रंगाची खूण करा. नकल तारेने बांधून ठेवा, नाहीतर ते बाहेर कलतं आणि आतला सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) निसटतो. स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगची जोडी) बाहेर आला की लगेच वरच्या नटाला पाना लावू नका. ती स्प्रिंग दाबलेली आहे आणि तिच्यात माणसाचा जबडा मोडण्याइतका जोर आहे. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराचे, दोन आकडे (हुक) बरोबर समोरासमोर लावा, दोन्ही बाजू आळीपाळीने हातानेच आवळा. इम्पॅक्ट गन इथं नको. वरच्या माउंटवर (स्ट्रट गाडीला धरणाऱ्या भागावर) स्प्रिंग सैल फिरायला लागली की मगच नट खोला. नवी स्प्रिंग चढवताना तारेचं टोक खालच्या बैठकीतल्या पायरीला टेकलंच पाहिजे. बंप स्टॉप (शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी अडसर) किटच्या कागदावर सांगितलं असेल तरच आणि तेवढाच कापा.

बहुतेक ठिकाणी चुकतं ते बुशच्या, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीच्या बाबतीत. लोअर आर्मच्या (नकलला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबकळत असताना तो बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर आल्यापासून रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बीमच्या बुशचंही तेच. म्हणून हे बोल्ट सैल केले असतील तर चाकं टेकवून, गाडी चार वेळा दाबून, मग मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळायचे.

आता अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. गाडी खाली आली की लोअर आर्म आणि टायरॉड (स्टीअरिंगकडून नकलकडे जाणारा दांडा) आपापल्या कंसात फिरतात. दोघांची लांबी आणि उतार सारखे नसतात, म्हणून टायरॉड नकलला ढकलतो किंवा ओढतो आणि टो (वरून पाहताना चाक आत किंवा बाहेर वळलेलं असणं) बदलतो. स्टीअरिंगची रॅक (टायरॉड हलवणारी दातेरी पट्टी) ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, यावर दिशा ठरते. कॅम्बरही, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कलही, साधारण अर्धा अंश निगेटिव्हकडे (वरची बाजू आत) जातो. टायर आतून खाल्ला की सगळे कॅम्बरच्या नावाने ओरडतात, पण एक अंश कॅम्बर टायर हजारो किलोमीटर मुकाट सोसतो. टो सोसत नाही. 600 मिलिमीटर व्यासाच्या टायरवर एकूण टो 3 मिलिमीटर बिघडला, म्हणजे एका चाकाला दीड, तर भूमितीच्या हिशोबाने दर किलोमीटरला प्रत्येक टायर अडीच मीटर आडवा घासतो. सातारा ते पुणे धरा 110 किलोमीटर: पावणेतीनशे मीटर.

त्यामुळे स्प्रिंग बसवल्या दिवशीच निदान टो सरळ करून घ्या आणि 300 ते 500 किलोमीटरनंतर, स्प्रिंग खाली बसून स्थिरावली की, चारही चाकांचं पूर्ण अलाइनमेंट करा. आधी हवा कंपनीच्या आकड्याला. मग मागचं माप. बीम सहसा ॲडजस्ट होत नाही, पण तो वाकडा असेल तर पुढचं सरळ करूनही स्टीअरिंग तिरकंच राहणार. पुढे आधी कॅम्बर, शेवटी टो, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. कॅम्बरला मूळ सोय नसेल तर नकलच्या वरच्या जागी कॅम्बर बोल्ट मिळतो. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको; गाडी ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह त्या बाजूला ओढते. टायरॉडचे आटे दीड मिलिमीटर पिचचे आणि स्टीअरिंग आर्म (नकलची टायरॉड जोडलेली भुजा) 130 मिलिमीटरचा असेल तर टायरॉडचा पाव फेरा म्हणजे त्या चाकाच्या टोत जवळपास 0.17 अंश. इतक्या बारीक कामात दोन्ही टायरॉड सारखे फिरवायचे आणि लॉकनट आवळल्यावर माप पुन्हा बघायचं. नुसतं मशीनच्या पडद्यावर ‘हिरवं आलं’ ऐकून निघू नका, आधीचा आणि नंतरचा कागद मागा.

पुढच्या दोन हजार किलोमीटरनंतर टायर थंड असताना तळहात त्याच्या नक्षीवरून आडवा फिरवा. बाहेरून आत जाताना गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना कडा टोचल्या तर टो-इन (चाकं पुढून आत वळलेली) जास्त आहे. उलट लागलं तर टो-आउट (पुढून बाहेर वळलेली). दोन्हीकडे सारखं लागलं तर त्या अलाइनमेंटला हात लावू नका.