चेवनिंग शिष्यवृत्ती: गावातल्या कामाचे 2800 तास कसे मोजायचे

पोळ्याच्या आसपास चेवनिंगचा ऑनलाइन अर्ज सुरू होतो आणि कापूस वेचणीला येईस्तोवर मुदत संपते. ब्रिटिश सरकारची ही शिष्यवृत्ती. ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या एमए-एमएस्सीची फी, राहण्या-खाण्याचा भत्ता, विमानभाडं. जागतिक आरोग्य धोरण किंवा आंतरराष्ट्रीय विकास शिकून पुढे संशोधन-अध्यापनात जाऊ पाहणाऱ्यांना उपयोगी, पण पीएचडीला ती मिळत नाही.

वयाची अट नाही, अर्जाला फी नाही. पदवी हवी आणि दोन वर्षांचं, म्हणजे 2800 तासांचं काम हवं. इथेच आपल्याकडची पोरं मागे सरतात, "मी तर संस्थेत मानधनावर होतो" म्हणतात. अहो, चालतं! अर्धवेळ, स्वयंसेवी, बिनपगारी कामही धरतात. कुपोषणाच्या सर्वेक्षणावर रोज चार तास, आठवड्यातून सहा दिवस फिरलात, तर 117 आठवड्यांत, साधारण सव्वादोन वर्षांत, तास भरतात. पदवीनंतरचेच तास मोजा. कोर्समधली सक्तीची इंटर्नशिप धरू नका.

फॉर्मात प्रत्येक कामाच्या तारखा आणि आठवड्याचे तास लिहावे लागतात. मला एका संस्थेनं दिलेल्या पत्रात "काम समाधानकारक" एवढंच होतं. तारखांसाठी पुन्हा गेलो तेव्हा हजेरीपट माळ्यावर, उंदरांनी कुरतडलेला. काम सोडतानाच पत्र घ्या.

तीन अभ्यासक्रम निवडायचे, आणि त्या विद्यापीठांत प्रवेशाचा अर्ज वेगळा करायचा. लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनचा ग्लोबल हेल्थ पॉलिसीचा दूरशिक्षण कोर्स नावावरून भुरळ घालतो, पण चेवनिंगला ब्रिटनमध्ये राहून केलेला पूर्णवेळ कोर्सच लागतो. पुढच्या जुलैपर्यंत एका तरी विद्यापीठाचं विनाअट प्रवेश दिल्याचं पत्र हाती हवं. विद्यापीठानं आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मागितली तर ती नागपुरात देता येते.

मुलाखतीसाठी निवड झाली की पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि दोन शिफारसपत्रं लागतात. पदवीवर आडनाव आधी नि पासपोर्टवर शेवटी, असा घोळ असेल तर आत्ताच निस्तरा. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं भारतात राहण्याची अटही आहे.

व्हिसाच्या वेळी मान्यताप्राप्त केंद्रातून टीबी तपासणीचा दाखला लागतो. गावोगाव थुंकीचे नमुने गोळा केलेल्यांनाही छातीचा एक्स-रे चुकत नाही.