१२७ दात्यांचा गिअर आला कुठून?

आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडलेल्याला एक सूत्र पाठ असतं: इंची लीडस्क्रूच्या (टूल पुढे सरकवणाऱ्या, आटे असलेल्या दांड्याच्या) लेथवर मेट्रिक आटे पाडायचे तर ५ × पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) × टीपीआय (लीडस्क्रूचे एका इंचातले आटे), भागिले १२७. लीडस्क्रू ४ टीपीआयचा आणि पिच २ मिमी असेल, तर ड्रायव्हर (फिरवणारा गिअर) ४० दात्यांचा, ड्रिव्हन (त्याने फिरणारा) १२७ चा. कारण एका इंचाचे २५.४ मिमी म्हणजे १२७ भागिले ५. १२७ ही मूळ संख्या असल्याने तिचे तुकडे करून छोट्या गिअरांवर वाटता येत नाहीत.

हे गुणोत्तर आज अचूक आहे, पण पूर्वी नव्हतं. १८९३ पासून अमेरिकेत मीटर म्हणजे ३९.३७ इंच धरत, म्हणजे इंच २५.४०००५ मिमीचा. ब्रिटिश उद्योगांनी १९३० साली आणि अमेरिकी उद्योगांनी १९३३ साली २५.४ हा आकडा घेतला. इंग्रजी भाषक देशांत तो एकसारखा लागू झाला १९५९ मध्ये. गंमत अशी की ग्रीसजवळ समुद्रात सापडलेल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या अँटिकिथेरा यंत्रातही १२७ दात्यांचं चाक आहे. तिथे इंचाचा काही संबंध नाही. १९ वर्षांत चंद्र ताऱ्यांमधून २५४ फेऱ्या मारतो, त्याचा निम्मा आकडा चाकावर घेतला आहे.

एवढे दाते पाडायचे नसतील तर जवळचं गुणोत्तर शोधायचं, हा विचारही जुनाच. ख्रिस्तियान हायगेन्सने १६८२ च्या ग्रहयंत्रात शनीसाठी २०६ आणि ७ दाते घेतले, ते वितत अपूर्णांकांनी (छेदात पुन्हा अपूर्णांक, अशा साखळीने) काढून. १८६१ साली पॅरिसचा घड्याळजी आशिल ब्रोको याने अशी गुणोत्तरं काढायची पद्धत कोष्टकासह छापली.

लेथसाठी २५.४ च्या असा जवळचा आकडा १६००/६३. दोन्ही संख्या सहज फुटतात. वरच्याच उदाहरणात ६३/२०० येतं, म्हणजे २१/४० × ३०/५०. पिच मिळतो २.०००२५ मिमी, १०० मिमी लांबीत चूक ०.०१२५ मिमी. नटबोल्टाला हे भरपूर झालं. लांब लीडस्क्रू करायचा असेल तरच १२७ च्या वाटेला जावं.

२१ दाते ४०:१ च्या डिव्हायडिंग हेडवर (हँडलच्या ४० फेऱ्यांत काम एकदा फिरवून समान भाग पाडणाऱ्या साधनावर) सोपे: प्रत्येक दात्याला एक फेरा आणि २१ भोकांच्या वर्तुळावर १९ भोकं. १२७ साठी तयार प्लेट बहुधा नसते. मग रोटरी टेबलवर (अंशांच्या खुणा असलेल्या फिरत्या टेबलावर) दर वेळी २ अंश ५० कला (६० कला म्हणजे एक अंश) फिरवण्याचा मोह होतो. तिथेच घात होतो, कारण १२७ वेळा मिळून ३५९ अंश ५० कलाच भरतात. उरलेल्या १० कला शेवटच्या दात्यावर येतात आणि १ मॉड्यूलला (मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं मेट्रिक माप) तो सुमारे ०.१८ मिमी जाड होतो.

त्यापेक्षा १२७ भागांचं वर्तुळ कागदावर छापून ९०:१ च्या टेबलच्या वर्मवर (हँडलने फिरणाऱ्या, टेबल फिरवणाऱ्या स्क्रूवर) बसवावं आणि दर दात्याला ९० घरं पुढे जावं. छपाईत अर्धा अंश चुकला तरी वर्म त्याला ९० ने भागतो, म्हणजे दात्यापाशी उरतात ०.००६ मिमी. वर्मची स्वतःची चूक मात्र जशीच्या तशी राहते. हँडल एकाच दिशेने फिरवायचं. घर ओलांडलं तर बरंच मागे नेऊन पुन्हा पुढे आणायचं, नाहीतर बॅकलॅश (गिअरमधला सैलपणा) दात्यात उतरतो.

कटर घेताना क्रमांकावर न जाता त्यावर कोरलेली दात्यांची मर्यादा वाचावी. इंची डीपी (डायमेट्रल पिच, दात्याच्या आकाराचं इंची माप) कटरमध्ये १ नंबर १३५ पासून पुढे रॅकपर्यंतचा (सरळ दातेरी पट्टीपर्यंतचा), तर बऱ्याच मॉड्यूल कटरमध्ये तोच १ नंबर १२-१३ दात्यांचा असतो.